चाखलेलं मोजत नाहीत

“उतरा, आणि परत चढा,” रुखसाना म्हणाली.

मी वजनकाट्यावरून उतरले. चपला आधीच काढलेल्या होत्या. आता हातातलं घड्याळही काढून तिच्या टेबलावर ठेवलं आणि पुन्हा चढले. आकडा तोच आला. गेल्या महिन्यातही तोच होता, आणि त्याच्या आधीच्या महिन्यातही.

रुखसाना शेख मिरजेच्या एका इस्पितळात आहारतज्ज्ञ होती. माझं जठर लहान करण्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी काय खायचं, घास किती चावायचा, जेवणानंतर पाणी किती वेळाने प्यायचं, हे सगळं तीच ठरवत होती. सुरुवातीचे महिने वजन असं उतरलं की शिंप्याकडून ब्लाऊज येईपर्यंत तो सैल व्हायचा. मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या. माझ्या कामाच्या जागेचा, दूध संघाचा जिना मी कठडा न धरता चढू लागले. आणि मग एकाएकी सगळं थांबलं.

वजन मध्येच अडून बसतं, सगळ्यांचंच बसतं, हे तिने आधीच सांगून ठेवलं होतं. पण ते काही आठवड्यांत सुटतं. माझं सुटत नव्हतं, आणि नव्या तपासणीत साखर पुन्हा वर डोकावत होती. पुढच्या खेपेला असंच दिसलं तर डॉक्टर गोळ्या परत सुरू करतील, असं ती म्हणाली. मग जरा थांबून तिने विचारलं, “ऊर्मिलाताई, रागावू नका. जे तोंडात जातं ते सगळं मला सांगताय ना?”

मला राग आला. मी दूध संघात गुणवत्ता तपासणारी बाई. दुधातली फॅट, दह्याची आम्लता, खव्यातलं पाणी, दिवसभर मोजणं हेच माझं काम. घरीही पनीरचा तुकडा काट्यावर ठेवल्याशिवाय मी ताटात घेत नव्हते. मी तिला एवढंच म्हणाले, की मोजायचं कसं ते मला येतं. ती हसली. म्हणाली, मग आणखी कमी खाऊ नका, केस गळायला लागलेत तुमचे.

परत येताना प्रताप, माझा नवरा, गाडी चालवत होता. अंकलीचा पूल ओलांडल्यावर म्हणाला, “तुझं वजन म्हणजे सरकारी फाईल झालंय. कुठल्यातरी टेबलावर अडकून पडलंय.”

मी हसले नाही. तो किती बरोबर बोलला होता, ते कळायला मला पुढे तीन आठवडे लागले.

आमचा संघ शिरोळ तालुक्यातला. श्रीखंडासाठी नावाजलेला. पाडव्याच्या आधीच्या दिवसांत तिथे चक्का टांगायला कापड पुरत नाही. पण संघाची खरी अब्रू वरच्या मजल्यावरच्या एका पांढऱ्या खोलीत होती. तिथे एक लांब टेबल, पाच खुर्च्या आणि एक हात धुण्याचं भांडं, बाकी काही नाही. भिंतीवर कॅलेंडरसुद्धा नाही. तिथे येणाऱ्याने अत्तर लावायचं नाही, कांदा खायचा नाही, सर्दी झाली तर खोलीच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही. प्रत्येक टाकीतला नमुना वाटीतून टेबलावर येई. आम्ही पाच जण तो चाखत असू, आणि आमच्या होकाराशिवाय एकही डबा बाहेर पडत नसे. यंत्रं होती, पण यंत्राला खवटपणा कळतो तो जिभेच्या नंतर.

टेबलाच्या टोकाची खुर्ची भूपाल मगदूम यांची, शेवटचा शब्द त्यांचा. त्यांना सगळे आण्णा म्हणत. शिक्षणाने बी.एस्सी., घराण्याने जैन, स्वभावाने काटेकोर. नुसत्या वासावरून दूध गायीचं की म्हशीचं, आणि म्हैस वैरणीवर आहे की उसाच्या वाड्यावर, म्हणजे हिरव्या शेंड्यांवर, हे सांगत. मला चाखायला त्यांनीच शिकवलं. घोट जिभेवर कसा पसरायचा, नाकाने श्वास सोडून वास मागून कसा पकडायचा, करपट आणि धुरकट यांत फरक काय. ते शेवटचा घोट गिळत, मग वाटीत पाणी ओतून, बोटाने विसळून, ते पाणीही पिऊन टाकत. त्यांच्या घरी ताट धुऊन पितात, अन्नाचा कण वाया घालवत नाहीत. टेबलावरही त्यांनी तेच ठेवलं होतं. चाखलेलं गिळायचं. थुंकायचं नाही.

दुसराही एक रिवाज होता, संघ सुरू झाल्यापासूनचा. टेबलावर चाखलेलं उपवासाला मोजत नसत. संकष्टी असो, गुरुवार असो, आमच्यातल्या उपवासाच्या बायका निर्धास्त चाखत. ते काम होतं, खाणं नव्हतं. आण्णांना कुणी विचारलं तर म्हणत, “देवालासुद्धा ड्युटी कळते की.”

त्या पाडव्यानंतर आण्णा निवृत्त होणार होते, आणि टोकाची खुर्ची माझ्याकडे येणार हे सगळ्यांनी धरून चाललं होतं. मीही. माझ्या देहाकडे पाहून लोकांनी आयुष्यभर काय काय म्हटलं होतं ते मला पाठ होतं, पण माझ्या जिभेबद्दल कुणी कधी वाकडं बोललं नव्हतं. ती एक गोष्ट माझी स्वतःची होती.

मिरजेहून आल्यावर मला सर्दी झाली. नियमाप्रमाणे मी खोलीबाहेर. आठवडाभर खाली प्रयोगशाळेत नळ्या हलवत बसले. जेवण नेहमीचं, मोजलेलंच, चालणंही तेवढंच. रविवारी घरच्या काट्यावर उभी राहिले तर वजन उतरलेलं. काटा बिघडला म्हणून प्रतापला उभं केलं. त्याचं होतं तेवढंच होतं, आणि ते ऐकून तो जरा हिरमुसला.

सर्दी गेली. मी टेबलावर परतले. पुढच्या रविवारी वजन पुन्हा जागच्या जागी.

प्रयोगशाळेत आम्ही हेच शिकतो: निकाल बदलला तर आधी बघायचं की काय बदललं होतं. जेवण बदललं नव्हतं. चालणं बदललं नव्हतं. झोपही नाही. सोमवारी सकाळी मी खालून एक मोठं काचेचं चंचुपात्र घेऊन वर गेले आणि खुर्चीशेजारी जमिनीवर ठेवलं. श्रीखंडाचा एक चमचा तोंडात घातला की तेवढाच दुसरा चमचा त्या पात्रात टाकायचा. बासुंदीचा घोट घेतला की तेवढाच घोट पात्रात. लस्सी, पेढ्याचा कोपरा, आम्रखंड, पुन्हा श्रीखंड. आण्णांनी एकदा वाकून पाहिलं, पण काही विचारलं नाही. प्रयोगात मध्ये बोलू नये हा त्यांचाच दंडक.

संध्याकाळी ते पात्र मी उजेडात धरलं. पिवळं, दाट, वरपर्यंत भरलेलं. माझ्या सकाळच्या आणि दुपारच्या जेवणाला मिळून जेवढी जागा लागे, त्याहून ते जास्त होतं. आणि ते सगळं असं अन्न होतं की जे लहान केलेल्या जठरातही अडत नाही, सरळ घसरून खाली जातं. पोट भरल्याची सूचनाही देत नाही.

मी ते पात्र पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं. लाज वाटली नाही. उलट इतक्या दिवसांनी प्रथमच बरं वाटलं. माझ्या शरीरात काही बिघडलेलं नव्हतं. ऑपरेशन फुकट गेलं नव्हतं. हिशोब बरोबर होता, फक्त एक रकाना कुणी धरलाच नव्हता.

त्याच संध्याकाळी जयसिंगपूरच्या भांड्यांच्या दुकानातून मी झाकणाचे स्टीलचे पेले घेतले. दोन. दुकानदार सहाचा संच घ्या म्हणत होता. मी म्हटलं, दोन पुरेत.

दुसऱ्या दिवशी एक पेला टेबलावर माझ्या उजव्या हाताशी ठेवला. पहिला नमुना आला. मी चमचा घेतला, जिभेवर फिरवला, मागे नेला, नाकाने श्वास सोडला आणि मान वळवून पेल्यात थुंकले. झाकण लावलं. चौघेही माझ्याकडे पाहत होते. कुणाचा तरी चमचा वाटीवर वाजला.

आण्णांनी बाकीच्यांना चहाला पाठवलं. दार लोटून घेतलं. ते रागावले की आवाज खाली आणत.

“हे काय चाललंय?”

मी पात्राची गोष्ट सांगितली. साखर, गोळ्या, मिरजेची पुढची तारीख, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्यांनी टेबलाखाली नेहमीसारख्या चपला काढल्या आणि तळवे गार फरशीवर दाबून धरले.

“दूध हे वासराच्या वाट्याचं असतं, ऊर्मिला,” ते म्हणाले. “ते आपण काढून घेतो. घेतलं तर निदान पोटात तरी घालावं. थुंकायचं?”

“वासराच्या वाट्याचं माझ्या लिव्हरवर साय होऊन बसलंय, आण्णा.”

ते हसणार होते, पण त्यांनी हसू आवरलं. खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली टँकर धुतला जात होता. मग त्यांनी सांगितलं की हा नुसता धर्माचा प्रश्न नाही, कामाचा आहे. कडवटपणा शेवटी येतो आणि घशात बसतो. जो गिळत नाही त्याला तो सापडणार नाही. पाडव्याला एक टाकी कडवट गेली तर संघाचं नाव जाईल. तब्येतीसाठी थुंकायचं तर थुंक, म्हणाले, पण मग टेबलावर बसू नकोस, खाली प्रयोगशाळा तुझीच आहे. आणि टोकाची खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल.

ते हे दुष्टपणाने बोलले नाहीत. म्हणूनच ते जास्त लागलं. त्यांना खरोखर तसंच वाटत होतं, आणि मलाही आतून भीती होती की ते बरोबर असतील. जन्मभर मी गिळूनच चाखलं होतं. न गिळता माझी जीभ किती चालते हे मला कुठे ठाऊक होतं? एका बाजूला शरीर होतं, जे फार मोठ्या कष्टांनी माझं झालं होतं. दुसऱ्या बाजूला ही खोली.

मी फारशी बोलणारी बाई नाही. तेव्हा कुठून बोलले कोण जाणे.

“खुर्ची घेणाऱ्याला तीन वाट्यांची फेरी द्यावी लागते ना? माझी लावा. मी थुंकून ओळखेन. एक जरी चुकले तर उठेन टेबलावरून, परत विचारणार नाही.”

आण्णा वळले. “सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोरच असते ती.”

तीन वाट्यांची फेरी म्हणजे अशी. तीन वाट्या समोर येतात, दोन एकाच टाकीतल्या, एक वेगळ्या. वेगळी कोणती ते ओळखायचं, असं चार वेळा, चार पदार्थांचं. खूण वाटीच्या बुडाशी चिकटवलेली असते, ती शेवटी उलटून बघतात. जुनी खुर्ची आणि नवी खुर्ची समोरासमोर बसतात आणि दोघंही चाखतात. आण्णांनी त्यांच्या गुरूसमोर अशीच फेरी दिली होती.

पाडवा तोंडावर आला असताना फेरी लागली. वाट्या आमचे व्यवस्थापक घोरपडेसाहेब स्वतः लावणार होते, म्हणजे आम्हा दोघांनाही काही कळू नये. मी सकाळी कोमट पाण्याने चूळ भरली, नुसती. आण्णा पहाटेच येऊन बसले होते. पाडव्याचा माल निघायचा होता, त्यांनी तोवर बऱ्याच टाक्या पास करून टाकल्या होत्या. दोनदा उठून बाहेर जाऊनही आले. खोलीत बाकीचे भिंतीला टेकून उभे राहिले. पॅकिंगमधल्या दोघी-तिघी दाराच्या काचेला नाक लावून होत्या. मागून कुणीतरी माझ्याबद्दल म्हणालं, चौगुलेबाईंनी पोट कापून घेतलं, आता जीभ पण कापून घेणार. हलक्या आवाजात, पण मला ऐकू येईल इतपत.

पहिली फेरी बासुंदीची. मी चाखलं, थुंकलं, थांबले. उजवी वेगळी, जरा जास्त आटलेली. आण्णांनीही उजवीच दाखवली. घोरपड्यांनी वाट्या उलटल्या. बरोबर. दुसरी फेरी लस्सीची, तिसरी खव्याची. आमची बोटं एकाच वाटीवर जात होती. प्रत्येक वेळी आण्णा वाटी विसळून पाणी पीत, आणि प्रत्येक वेळी मी झाकण लावत असे. खोलीत त्या झाकणाचा बारीक आवाज तेवढा होता.

शेवटची फेरी श्रीखंडाची.

तिन्ही वाट्या दिसायला सारख्या. रंग एक, पोत एक, वेलची एक. मी पहिली चाखली, दुसरी, तिसरी. काहीच सापडलं नाही. घशापर्यंत आलेला घास परत फिरवून थुंकताना वाटलं, एकदाच गिळावं. एकच चमचा. कुणाला कळणार आहे? मग आण्णांनीच शिकवलेलं आठवलं, की चव शोधायला धावू नये, तिला आपल्याकडे येऊ द्यावं. मी चूळ भरली. पुन्हा डावी वाटी घेतली. जिभेच्या मागच्या बाजूला नेऊन तशीच धरून ठेवली. साखर विरघळून गेली, आंबटपणा गेला, वेलची गेली. सगळे निघून गेल्यावर रिकाम्या मांडवात एखादा माणूस उरावा तसा एक बारीक कडवटपणा उरला.

“डावी,” मी म्हणाले.

आण्णांचं बोट मधल्या वाटीवर होतं.

घोरपडेसाहेबांनी एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग मधली वाटी उलटली. मग उजवी. दोन्हींच्या बुडाशी एकच खूण होती.

आण्णांनी डावी वाटी स्वतःकडे ओढली. चमचाभर घेतलं. डोळे मिटून बराच वेळ बसले. दाराच्या काचेवरची नाकंसुद्धा हलत नव्हती.

“कडवट आहे,” ते शेवटी म्हणाले. “चक्का जास्त वेळ टांगलाय. ही टाकी अडवा.” आणि मग खोलीला नव्हे, मला म्हणाले, “सकाळपासूनची साखर बसलीय माझ्या जिभेवर. तिच्याखाली मला तो कडवटपणा दिसलाच नाही. तुझी पाटी कोरी होती.”

घोरपडेसाहेब लगबगीने टाकी अडवायला खाली गेले. त्यांच्यामागे बाकीचेही गेले. माझी जीभ कापणारा आवाज कुणाचा होता ते तेव्हा कळलं, कारण तो माणूस जाताना मला वाट देऊन बाजूला झाला. मी सरळ बसले होते. इतकी सरळ मी कधी बसले होते ते आठवत नाही.

आण्णांनी सवयीने वाटीत पाणी ओतलं, बोट फिरवलं. वाटी ओठांपर्यंत नेली आणि थांबले.

“तो पेला कुठे मिळतो?”

मी टेबलाचा खण उघडला आणि दुसरा पेला काढून त्यांच्यासमोर ठेवला. नवाकोरा, दुकानाची चिठ्ठीसुद्धा तशीच.

ते त्या पेल्याकडे पाहत राहिले. “हा कधी घेतलास?”

“माझा घेतला तेव्हाच.”

“मला साखर आहे हे तुला कुणी सांगितलं? घरी सोडून कुणाला ठाऊक नाही.”

“तुमच्या चपलांनी,” मी म्हणाले. “माझ्याही तळपायांची आग व्हायची.”

मग हातातली वाटी त्यांनी सावकाश पिऊन टाकली. “गिळणं सोडेन,” म्हणाले. “विसळून पिणं सोडणार नाही. वासराचं काहीतरी राहू दे.”

“विसळलेल्यात फारशी साखर नसावी. उद्या मोजून सांगते.”

“मोज,” ते म्हणाले. उठून त्यांनी टोकाची खुर्ची जराशी मागे ओढली, बसायला सोपी जावी तशी, आणि स्वतः माझ्या खुर्चीवर जाऊन बसले. निवृत्तीपर्यंतचे दिवस ते तिथेच बसले.

पुढच्या तारखेला मिरजेला प्रतापच्या गाडीत आम्ही तिघं होतो. मागच्या सीटवर आण्णा, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत पेला. दाखवायला घेतला होता म्हणे.

मी काट्यावर चढले. रुखसाना आकड्याकडे पाहत राहिली. पेन टोपणात घातलं, पुन्हा काढलं.

“उतरा, आणि परत चढा,” ती म्हणाली.

मी उतरले, परत चढले. आकडा तोच आला. मागच्या खेपेपेक्षा खाली, माझ्या लग्नानंतर मी कधीच न पाहिलेला. तो मी चष्मा लावून नीट वाचला. मग रुखसानाला सगळं सांगितलं, पात्रापासून टाकीपर्यंत. ती ऐकताना हसत होती.

आता आण्णांची पाळी. त्यांनी चपला काढून भिंतीशी नीट जोडून ठेवल्या आणि काट्यावर उभे राहिले, फेरीला बसावं तसे.

“आजोबा, जे तोंडात जातं ते सगळं मला सांगणार ना?” रुखसानाने विचारलं.

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं.

“चाखलेलं धरून,” मी म्हणाले.